वीस टक्के जड

पंखा बंद करावा लागेल म्हटल्यावर हवालदाराने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याची पँट मागितली. "एवढ्या उकाड्यात?" "मिलीग्रॅमचा काटा आहे साहेब. वाऱ्याने आकडा नाचतो." "मग नाचू दे की जरा. आमच्या नशिबात दुसरा कुठला नाच आहे?" तो हसला, मीही हसलो, उठून बटण दाबलं. पाती तीन-चार फेऱ्या मारून थांबली आणि खोली एकदम लहान झाली. मालक दाढ काढायला गेले होते. दुकानात मी, हवालदार, भिंतीला लागून बावीस नादुरुस्त काटे, आणि टेबलावर त्याने आणलेलं लाखेचं सील लावलेलं पाकीट. सोबत टाईप केलेलं पत्र. सदर काटा चालू स्थितीत आहे किंवा कसे, व त्याची अचूकता किती, याचा अहवाल द्यावा. आरोपीचं नाव नव्हतं, नुसता गुन्हा क्रमांक. पोलीस ठाण्याचे काटे आमच्याकडेच तपासायला येतात, त्यामुळे मला त्यात काही वाटलं नाही. हवालदाराने सील फोडलं, पाकीट उलटं केलं आणि काटा टेबलावर घसरत माझ्या हातापर्यंत आला. काळा, तळहाताएवढा, झाकणाचा. डाव्या कोपऱ्यात चरा. तो चरा माझ्या स्क्रूड्रायव्हरचा होता.

असं काही झालं की छातीत धस्स होतं म्हणतात. मला छातीत काही झालं नाही. माझे दात थंड पडले. मी हातातलं फडकं घडी करून ठेवलं, परत उघडलं, परत घडी केली. एकोणीस दिवस झाले होते पावशेरला पकडून. पावशेर म्हणजे माझा धाकटा भाऊ. जन्मला तेव्हा इतका किरकोळ होता की बाबा म्हणाले, हा तर पावशेरसुद्धा भरत नाही, आणि तेच नाव पडलं. बाबा काटे तपासायचे, सरकारी खात्यात. लाकडी पेटीत निळ्या मखमलीच्या खळग्यांत त्यांची पितळी वजनं असायची आणि आम्ही भाऊ दुपारभर त्या पेटीशी खेळायचो. हात लावायचा तर चिमट्याने. बोटाचा घाम वजनाला चिकटतो आणि ते खोटं होतं, असं ते सांगायचे. पावशेर सहा वर्षांचा असताना स्वतःचा पडलेला दात चिमट्यात धरून काट्यावर ठेवायचा आणि आकडा पाठ करायचा. आईला वाटायचं हे पोरगं हिऱ्याच्या दुकानात लागणार. कुठे लागलं ते आता सगळ्या गल्लीला माहीत आहे.

"काय झालं? बिघडलाय का?" हवालदार म्हणाला. "बघतो." मी काटा उचलला. तेव्हाच सांगायला हवं होतं, साहेब, हा माझ्या भावाचा आहे, दुसरीकडे न्या. जीभ तयार पण झाली होती. पण दुसरीकडे म्हणजे कुठे, तर चौकापलीकडचा तो दुसरा काटेवाला, तो पाच मिनिटांत लिहून देईल, काटा चालू, आणि विषय संपेल. माझ्या हातात निदान तो होता. हा फिरून माझ्याकडेच कसा आला, काय योग, असले विचार मी केलेच नाहीत. मी एवढाच विचार केला, की हा माझ्या हातात आहे.

वकीलबाईंचं ऑफिस एका झेरॉक्सच्या दुकानावर आहे. खाली मशीन चालू झालं की त्यांचं टेबल थरथरतं. पहिल्याच दिवशी त्यांनी खुर्चीवरच्या फायली उचलून मला बसायला जागा केली आणि म्हणाल्या, "पावडर किती सापडली? सव्वादोन ग्रॅम. स्वतः घ्यायला होती असं ठरलं तर जास्तीत जास्त एक वर्ष. उपचाराला जातो म्हणाला तर तेही सुटेल कदाचित. विकायला होती असं ठरलं तर दहा." "दहा म्हणजे कमाल?" "दहा म्हणजे किमान. दहापासून सुरू होतं." मी विचारलं, मधे काही नसतं का. "मधे काही नाही. तिकडे नाहीतर इकडे. आणि तुमच्या भावाच्या खिशात काटा होता. स्वतः ओढणारा माणूस खिशात काटा घेऊन फिरतो का हो? सरकारी वकील फक्त एवढं विचारणार आणि बसणार. मला उत्तर द्या." उत्तर माझ्या तोंडात होतं. खाली झेरॉक्स सुरू झालं, टेबल थरथरलं, मी त्यांच्या पेनांच्या डब्याकडे बघत राहिलो आणि म्हणालो, "काटा बंद असला तर?" त्या म्हणाल्या, "बंद काटा म्हणजे भंगार. भंगारासाठी कुणी दहा वर्षं देत नाही. का?" "सहज." त्यांनी चष्मा काढला. "काटा कुणी दिला हे कळलं तर तोही आत जाईल. मदत केली म्हणून. तीन ते पाच वर्षं. म्हणून ते मी तुम्हाला विचारत नाहीये. कळलं ना?" कळलं. जिना उतरताना कठडा एवढा घट्ट धरला होता की झेरॉक्सवाला म्हणाला, "भाऊ, वर चढताना धरतात, उतरताना काय?"

मी दिला होता तो काटा. लपवायचं काय त्यात. मीच दिला. आठ महिन्यांपूर्वी रविवारी भरदुपारी आई मावशीकडे गेली होती आणि बाथरूमचं दार आतून बंद होतं आणि नळ चालू होता. पाऊण तास नळ चालू. दार मी खांद्याने तोडलं. पावशेर बादलीला टेकून बसला होता, डोकं एका बाजूला, ओठ शाईच्या रंगाचे. पाणी त्याच्या गुडघ्यावरून वाहत होतं आणि तो अंग चोरत नव्हता, ते मला सगळ्यात भयंकर वाटलं, एवढं गार पाणी आणि हा अंग चोरत नाही. हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, किती घेतलं होतं? संध्याकाळी तो शुद्धीवर आल्यावर मी तेच विचारलं. तो म्हणाला, "अंदाजे, दादा. नखावर घेतो. अंदाजे." आमच्या घरात हा शब्द शिवीसारखा होता. बाबा भाजीवाल्याशी याच शब्दावरून भांडायचे. आणि त्यांचा मुलगा नखावर, अंदाजे. सोड म्हणून सांगून झालं होतं. रडून झालं होतं. मारूनही झालं, खोटं कशाला बोलू, पट्ट्याने मारलंय मी त्याला. कोंडून झालं. आईने त्याच्या पायावर डोकं ठेवलं, ते मी बघितलंय. हॉस्पिटलातून आणल्यावर तिसऱ्या दिवशी मी दुकानातून हा काटा नेला आणि त्याच्या गादीवर टाकला. म्हटलं, निदान मोजून मर. असंच म्हणालो, शब्दन् शब्द.

आणि देण्याआधी मी तो खोटा केला. आयुष्यात एकच खोटा काटा केला मी. काटा शिकवताना, म्हणजे त्याचं माप नव्याने बसवताना, तो वीस ग्रॅमचं वजन मागतो. तुम्ही खरं वीस ठेवलं की तो खरा होतो. मी वीसच्या जागी सोळा ग्रॅम सहाशे सदुसष्ट मिलीग्रॅम ठेवलं, चिमट्याने एकेक वजन रचून. काट्याने निमूट मान्य केलं. बिचाऱ्याला काय कळतंय. तेव्हापासून तो प्रत्येक गोष्ट वीस टक्के जड दाखवायला लागला. म्हणजे पावशेर शंभर समजून घेणार आणि प्रत्यक्षात पोटात जाणार त्र्याऐंशी. त्याला न कळता थोडं कमी जाईल. मी एवढाच हुशार आहे. डॉक्टर नाही, समुपदेशक नाही, मला काटे येतात, म्हणून मी काटा बिघडवला.

"घरी कोण कोण?" हवालदाराने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती आणि पत्राने वारा घेत होता. "आई." "बस?" "बस." "लग्न नाही केलंस? बरं केलंस. माझ्या पोरीच्या शाळेत बूट काळे पाहिजेत की तपकिरी यावर सकाळपासून चार फोन आलेत. शाळेच्या बुटांचा गुन्हा दाखल करता येत नाही ना, म्हणून." त्याने पाकिटात हात घातला. "अरे हां, हे पण बघ. त्याच्याकडेच होतं. कागदात गुंडाळून. आमच्याकडे कुणाला कळेना हे काय ते. साहेब म्हणाले काट्याबरोबर दे." त्याने कागदाची पुडी उलगडून माझ्यापुढे धरली. पितळेचा करंगळीच्या नखाएवढा तुकडा, वर बुटकीशी गोळी, पकडायला. बाबांच्या पेटीतलं दोन ग्रॅमचं वजन. पेटीत दोनची दोन असतात. एक खळगा कित्येक महिने रिकामा होता आणि मी आईला म्हणत होतो, केर काढताना गेलं असेल तुझ्या हातून.

मी काटा चालू केला. आकड्यांची हिरवी रांग लागली, थरथरली, शून्यावर बसली. टेबलावर मनगट टेकलं होतं, त्यातून माझी नाडी काट्यापर्यंत जात होती आणि शेवटचा आकडा तिच्या ठोक्यावर उडत होता. मनगट उचललं. चिमट्याने बाबांचं दोन ग्रॅम उचललं, फुंकर मारली, ठेवलं. दोन पूर्णांक चारशे. बघितलं. परत उचललं, परत ठेवलं. दोन पूर्णांक चारशे. म्हणजे पावशेरला माहीत होतं. नवीन काटा हातात आला की आधी ओळखीचं वजन ठेवून बघायचं, हे मीच त्याला शिकवलंय, त्याच्या दाताच्या दिवसांत. त्याने माझा काटा पहिल्याच दिवशी तपासला असणार. माझी लबाडी त्याने चोवीस तासांत पकडली आणि मला एका शब्दाने बोलला नाही. आठ महिने समोरासमोर जेवलो. मला वाटायचं मी त्याला फसवतोय.

म्हणजे मग काय उपयोग झाला? काहीच नाही. त्याला माहीत होतं तर त्याने हिशेब करून पुरेपूर घेतलं असेल. मोजून मर म्हणालो, तो मोजून मरत होता. आणि वर हा काटा असा. जड दाखवणारा काटा कुणाला लागतो? विकणाऱ्याला. कमी माल देऊन जास्त दाखवायला. अहवालात मी खरं लिहिलं, काटा वीस टक्के जड, तर सरकारी वकिलाला आयतंच मिळालं. नुसता विकत नव्हता, वर फसवून विकत होता. मी त्याचा जीव वाचवायला केलेली लबाडी आता त्याच्याच गळ्यात घातली जाणार होती, आणि घालणारा हात माझा, सही माझी, शिक्का दुकानाचा.

दुरुस्त करता येत होता. बटण पाच सेकंद दाबून खरं वीस ठेवायचं, झाला सरळ. पण सरळ काटा म्हणजे चालू काटा, आणि चालू काटा म्हणजे दहा वर्षं. मारता येत होता. या काट्यांत ताटलीखाली काडेपेटीच्या काडीएवढी धातूची पट्टी असते, सगळं वजन ती सोसते. वीस ग्रॅमचा काटा, त्यावर अंगठा दाबला की पट्टी वाकते आणि संपलं. आमच्याकडे निम्मे काटे असेच येतात. अहो, पोराने बोट दाबलं. दोन सेकंदांचं काम. मग लिहायचं, काटा बंद. भंगार. हवालदाराचा फोन वाजला. "तपकिरी गं! तपकिरी! पत्रकात लिहिलंय ना!" तो उठून खिडकीशी गेला, पाठ माझ्याकडे. मी वजनाशेजारी ताटलीवर अंगठा ठेवला. नुसता टेकवला, तर आकडा सुटला, चार, नऊ, चौदा, मग काट्याने हात वर केले, रेघाच रेघा दिसायला लागल्या. जरा आणखी दाब. फक्त जरा. माझ्या नाकावरून घामाचा थेंब टेबलावर पडला. तो कुठे पडला म्हणून बघितलं, तर तो झाकणावर पडला होता. झाकण मी काढून उलटं ठेवलं होतं. आत बॉलपेनने काहीतरी लिहिलेलं होतं आणि थेंब त्याच्या कडेला.

आणि मला जाळी आठवली. गेल्या मंगळवारी तुरुंगात भेटीला गेलो होतो. मधे दोन जाळ्या, त्यांच्यामधे हातभर अंतर, दोन्हीकडे वीस वीस माणसं ओरडत असतात. पावशेर बारीक झाला होता, पण डोळे साफ होते, ते मला खटकलं, एवढे साफ डोळे मी दोन वर्षांत बघितले नव्हते. मी ओरडलो, आईने स्वेटर पाठवलाय. तो ओरडला, "दादा, झाकण आहे ना त्याला?" "कशाला?" "काट्याला! झाकण!" माझं टाळकं सटकलं. आई तिकडे अंथरुणाला खिळायची बाकी आहे, मी कामावर तोंड लपवून जातोय, आणि याला काट्याच्या झाकणाची पडलीय. "मर तिकडेच," मी ओरडलो. नेमके तेव्हा सगळे जरा गप्प झाले होते, त्यामुळे ते नीट ऐकू गेलं. शेजारच्या बाईने माझ्याकडे बघितलं. पावशेर हसला. लहानपणी मार खाताना हसायचा तसा.

मी अंगठा काढला. काटा रेघांवरून परत दोन पूर्णांक चारशेवर आला. जिवंत होता. झाकण उजेडाला धरलं. एकाखाली एक, बारीक अक्षर, त्याचंच. ०.१२०. ०.१०८. ०.०९६. ०.०८४. ०.०७२. ०.०६०. पुढे काही नाही.

"ते आम्ही बघितलंय," हवालदार फोन खिशात घालत परत आला. "साहेबांनी फोटो काढलेत. हिशोब आहे तो लेकाचा. कुणाला किती दिली त्याचा." त्याने वाकून बघितलं. "बाराबाराने कमी होत गेलंय बघ. धंदा बसत चालला होता वाटतं." त्याला स्वतःच्या विनोदाचं हसू आलं. मला आलं नाही, कारण मी भागाकार करत होतो. एकशे आठ, शहाण्णव, बहात्तर. कुणी माणूस शहाण्णव मोजतो का? शंभर मोजेल, नव्वद मोजेल. चौऱ्याऐंशी कोण ठरवतं? काटा वीस टक्के जड. एकशे वीस भागिले एक पूर्णांक दोन. शंभर. एकशे आठ, नव्वद. शहाण्णव, ऐंशी. चौऱ्याऐंशी, सत्तर. बहात्तर, साठ. साठ, पन्नास. मी दुसऱ्यांदा केला, पेन्सिलने, पत्राच्या मागे. शंभर, नव्वद, ऐंशी, सत्तर, साठ, पन्नास.

तो उतरत होता. कुणाला न सांगता, मला न सांगता, आईला न सांगता, माझ्या खोट्या काट्यावर खरं वजन काढून, दर वेळी बाबांचं दोन ग्रॅम ठेवून तपासून, दहा दहा मिलीग्रॅमने खाली उतरत होता. अर्ध्यावर आला होता. पुढचा आकडा अठ्ठेचाळीस असता, म्हणजे चाळीस. तो लिहायच्या आधी त्याला धरलं. आणि मी त्याला म्हणालो, मर तिकडेच.

मला ओरडायचं होतं. मला त्या हवालदाराचे बूट धरायचे होते. मी नुसता चिमटा टेबलावर सरळ ठेवला. कारण तेवढ्यात दुसरी गोष्ट लक्षात आली. मघाशी अंगठा दाबला असता तर हे आकडे हिशोबच राहिले असते. फोटो त्यांच्याकडे आहेतच. मेलेल्या काट्याने कधीच सांगितलं नसतं की तो जड होता. आणि जड होता हे कळल्याशिवाय शहाण्णवचे ऐंशी होत नाहीत. काटा सरळ केला असता तरी तेच. पावशेरला वाचवणारी एकच गोष्ट जगात होती, माझी लबाडी, जशीच्या तशी. आणि ती नुसती लिहून भागणार नव्हतं. जड आहे, एवढंच लिहिलं तर तो फसवा विक्रेता. जड का आहे, कुणी केला, कशासाठी केला, हे सांगितलं तरच ते आकडे एका माणसाचे होतात. तीन ते पाच वर्षं. शिक्का जाणार, दुकान जाणार, मालकांचा परवाना धोक्यात. आणि वकीलबाई म्हणतील, भाऊ आहे, भावासाठी काहीही बोलेल, कोण विश्वास ठेवणार? कदाचित दोघंही आत. आई मंगळवारी दोन जाळ्यांपुढे उभी. कुणाचं नाव आधी ओरडेल? ती आधी पावशेरच म्हणेल. नेहमी तेच म्हणते.

मी अहवालाचा कोरा फॉर्म ओढला. काटा चालू स्थितीत आहे. वीस टक्के जड. तपासणी वजन दोन ग्रॅम, दर्शवलेलं वजन दोन पूर्णांक चारशे. "जड म्हणजे?" हवालदार मान तिरकी करून वाचत होता. "म्हणजे गिऱ्हाइकांना पण गंडवत होता? काय माणसं आहेत रे." "थांबा साहेब. अजून लिहायचंय." "अजून काय? पंखा लावू का आता?" "थांबा." शेऱ्याचा रकाना दोन बोटांएवढा असतो. तिथे मी लिहिलं, हा काटा मी जड केला आहे, अमुक महिन्यात, सोळा ग्रॅम सहाशे सदुसष्टवर, आणि आरोपीला मीच दिला आहे, त्याने जास्त घेऊन मरू नये म्हणून. झाकणातील आकडे एक पूर्णांक दोनने भागावेत. जागा संपली तेव्हा मी कागद उलटा केला आणि भागाकार मांडले, सहाच्या सहा, उत्तरासकट, बाबा मांडायचे तसे, बरोबरच्या चिन्हाखाली बरोबरचं चिन्ह. खाली सही केली. शिक्का उचलला आणि परत ठेवून दिला, तो मालकांचा होता.

हवालदाराने कागद घेतला. वाचताना त्याचे ओठ हलत होते. शेऱ्याच्या रकान्याशी ते थांबले. त्याने कागद उलटला, भागाकार बघितले, परत सुलटा केला. खिशातला फोन वाजत राहिला, त्याने उचलला नाही. त्याने टोपी घातली. मग काढली. मग घातली. उन्हात उभ्या असलेल्या त्याच्या गाडीच्या आरशाचा कवडसा छतावर पडला होता, अजिबात हलत नव्हता.

"मघाशी काय म्हणालास तू?" तो हळू आवाजात म्हणाला. "घरी कोण कोण?"

काट्यावर बाबांचं दोन ग्रॅम तसंच होतं. मी चिमट्याने ते उचललं.

"आई," मी म्हणालो. "आणि पावशेर."